मदत हवी आहे: थर्मल कॅमेऱ्याच्या स्वीपमधला ब्लर काढायचाय

नमस्कार मंडळी, दोन आठवडे याच गोष्टीवर अडकलोय. ड्रोनवर अनकूल्ड (सेन्सर थंड न करणारा) थर्मल कॅमेरा आहे, मायक्रोबोलोमीटरवाला (उष्णतेने पिक्सेल तापतो त्यावरून मोजणारा), १२ मायक्रॉनचा पिक्सेल, १३ मिमी लेन्स, सेकंदाला ३० फ्रेम. ८० मीटर उंचीवरून जमिनीवर एक पिक्सेल साधारण ७.४ सेंमीचा पडतो. रुंद पट्टा मिळावा म्हणून गिंबल (कॅमेरा फिरवणारा माउंट) आडवा, डावीकडून उजवीकडे आणि परत, सेकंदाला ४० अंशांनी फिरवतो आणि तिथेच सगळी माती होते.

ड्रोन पुढे जातो त्याचा एवढा त्रास नाही, १० मिलिसेकंदांत जेमतेम एक पिक्सेल, पण स्वीपमुळे तेवढ्याच वेळात साडेसात पिक्सेल सरकतात. नुसतं धूसर दिसलं असतं तर चालवून घेतलं असतं हो, पण मला तापमान हवंय. ३० सेंमीची काळी रंगवलेली पत्र्याची प्लेट ६० अंशांपर्यंत तापवून ठेवली, आजूबाजूची जमीन २५. गिंबल स्थिर असताना प्लेट ५८ दाखवते, स्वीप चालू केला की थेट ३९!

एक्सपोजर कमी करायला गेलो तर सेटिंगमध्ये तो पर्यायच नाही. मग साडेसात पिक्सेलचा चौकोनी कर्नल (ब्लर कसा पसरतो त्याचा नमुना) धरून वीनर फिल्टर (ब्लर उलटा काढायची गणिती पद्धत) लावला, तर प्लेटच्या एका बाजूला गडद पट्टे उमटले आणि दुसऱ्या बाजूची शेपूट तशीच राहिली. आणि ही शेपूट जाताना एका बाजूला, परत येताना दुसऱ्या बाजूला असते, हे काय प्रकरण आहे कळत नाहीये. कूल्ड कॅमेरा सध्या शक्य नाही. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद: शेपूट बाजू बदलते ना, त्यातच उत्तर आहे. बोलोमीटरला एक्सपोजर नसतं, पिक्सेल स्वतः तापतो आणि निवतो, टाइम कॉन्स्टंट (बदलाचा साधारण ६३ टक्के भाग गाठायला लागणारा वेळ) साधारण १० मिलिसेकंद धरा. तुमची प्लेट चारच पिक्सेलची, म्हणजे एका पिक्सेलवर ती ५ मिलिसेकंद टिकते, तेवढ्यात तो ४० टक्केच तापतो. ३५ अंशांच्या फरकाचे ४० टक्के १४, वर २५, झाले की ३९! म्हणून कर्नल एकतर्फी, हळूहळू उतरत जाणारा घ्या आणि दर स्वीपला उलटा करा. सोप्यात सोपं म्हणजे स्वीपच्या दिशेने दर पिक्सेलला जो फरक पडतो तो साडेसातने गुणून मूळ किमतीत मिळवा. नॉइज दहा-अकरापट वाढेल, ५० मिलीकेल्विनचा (०.०५ अंशाचा) अर्ध्या अंशाच्या घरात जाईल, पण तुमच्या प्लेटला तेवढा चालतो. हे सगळं १४ बिटच्या रॉ डेटावर करा, एजीसी (दिसायला बरं व्हावं म्हणून आपोआप होणारा कॉन्ट्रास्टचा बदल) लावलेल्या ८ बिटच्या चित्रावर अजिबात नको. ओळी एकामागून एक वाचल्या जातात त्यामुळे फ्रेम तिरकीही होते, ३३ मिलिसेकंदांत २५ पिक्सेल, ते वेगळं सरळ करावं लागेल.

धागाकर्ता: खूप खूप आभार, डोक्यावरचं ओझं उतरलं! जातानाचा आणि येतानाचा पट्टा एकमेकांवर बसेपर्यंत टाइम कॉन्स्टंट बदलत गेलो, १०.४ मिलिसेकंदांना बसले. प्लेट आता ५५ आणि ५६ दाखवते. फक्त टोकाला गिंबल वळताना वेग कमी होतो आणि तिथे किमती फुगतात. तिथे एन्कोडरवरून (गिंबलचा कोन मोजणारा सेन्सर) दर फ्रेमचा वेग काढून घ्यायचा की ते फ्रेम सरळ टाकून द्यायचे?