सीजीएम (सतत साखर मोजणारा) सेन्सर पहाटे ५८ दाखवतो, ग्लुकोमीटर ९६: कोणता आकडा धरायचा?

कर्वेनगर_वाचक
आई ६८ वर्षांची. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दंडावरचा १४ दिवसांचा सेन्सर लावलाय. पहाटे अडीच-तीनच्या सुमारास फोनचा अलार्म वाजतो, आकडा ५८, कधी ५५. तिला उठवून बोटाला टोचलं की ९६. दिवसा मात्र दोन्हींत १०-१२ चाच फरक असतो. शिवाय अ‍ॅपमध्ये सरासरी १४२ आणि अंदाजे एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.७, तर लॅबचा रिपोर्ट ७.६. सेन्सर खराब आहे का? आणि या पावसात त्याची कड सुटायला लागलीये, तिचं काय करू?

तार_आणि_एन्झाइम
दिवसा जुळतंय म्हणजे सेन्सर बहुधा ठीक आहे. हे दंड दाबला गेल्याचं लक्षण वाटतं. सेन्सरची तार कातडीखाली जेमतेम ५ मिलिमीटर जाते आणि ती रक्तात नसते, पेशींभोवतालच्या द्रवात असते. तारेवरच्या एन्झाइमची त्या द्रवातल्या ग्लुकोजशी क्रिया होते आणि त्यातून येणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. त्या कुशीवर झोपलं की तिथला रक्तपुरवठा दबतो, द्रवात नवीन ग्लुकोज पोचत नाही आणि आकडा घसरतो. अंगातली साखर मात्र जागच्या जागी असते.

आलेख उघडून बघा. दाबामुळे आलेली घसरण एकदम खड्ड्यासारखी दिसते आणि कूस बदलल्यावर काही न खाता तशीच झपकन भरून येते. खरी साखर उतरते तेव्हा रेघ बहुतेक वेळा तास-दोन तास हळूहळू खाली येते.

तुलना करायची तर उपाशीपोटी किंवा जेवणाआधी, अ‍ॅपमधला बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर असताना करा. सेन्सर रक्ताच्या ५ ते १० मिनिटं मागे असतो. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर साखर मिनिटाला २ ने चढत असेल, तर १० मिनिटांत २० चा फरक पडतो, त्यात कुणाचीच चूक नाही. कामचलाऊ नियम असा: १०० च्या खाली २० पर्यंत आणि १०० च्या वर २० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घ्यावा. तुमचा ३८ चा फरक त्यात बसत नाही, म्हणून आधी झोपण्याची कूस तपासा. लावल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांतले आकडेही फार मनावर घेऊ नका.

ग्लुकोमीटरही चुकतो. आंबा कापलेल्या बोटाला टोचलं तर आकडा खोटाच वाढतो. हात साबणाने धुऊन कोरडे करा. पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण पावसाळ्यात क्षणभरही उघडं ठेवू नका, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

मधुमेह_समुपदेशक
वरचं सगळं मान्य, पण ग्लिमेपिराइड चालू असताना 'दाबच असेल' म्हणून अलार्म सोडून देऊ नका. या गोळीने खरंच साखर उतरते. वय झालेलं, रात्रीचं जेवण कमी आणि मूत्रपिंड मंद असेल तर जास्तच. दर वेळी बोटाला टोचून बघा. ७० च्या खाली आलं, किंवा घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसला, तर ३-४ चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा-चॉकलेट नको, स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काहीही न देता दवाखाना गाठा. अलार्मची मर्यादा ७० च्या खाली आणू नका, आणि अ‍ॅपला बॅटरी-बचतीतून वगळा, नाहीतर फोन रात्री ते बंद करतो.

अ‍ॅपमधल्या ६.७ चा हिशोब सरासरीवरून सरळ आहे: ३.३१ + ०.०२३९२ × १४२. तो थोड्याच दिवसांचा, लॅबचा साधारण ३ महिन्यांचा. तरी ०.९ चं अंतर मोठं आहे. हिमोग्लोबिन किती आहे? लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसतं. आणि सर्दीसाठी व्हिटॅमिन सी चालू आहे का? काही सेन्सरमध्ये दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की आकडा वाढीव येतो आणि खरी उतरलेली साखर लपते. माहितीपत्रक बघा.

पट्टी_आणि_चिकट
सुटलेली कड ओढू नका. भोवती मधोमध भोक असलेला पॅच लावा, सेन्सरच्या मधलं छिद्र झाकू नका. पुढच्या वेळी दंडाची मागची बाजू साध्या साबणाने धुवा. खोबरेल तेल, मॉइश्चरायझर अजिबात नको. मग अल्कोहोल स्वॅब, आणि तो पूर्ण वाळू द्या. ओलसर कातडीवर लावलेला सेन्सर हमखास सुटतो. इन्सुलिन टोचण्याच्या जागेपासून किमान अडीच सेंटिमीटर लांब. रेनकोटची बाही घट्ट नको, काढताना तीच कड उचलते.

कर्वेनगर_वाचक
आई डाव्या कुशीवर झोपते आणि सेन्सर डाव्याच दंडावर आहे. व्हिटॅमिन सी नाही. हिमोग्लोबिन ९.८ आहे.

मधुमेह_समुपदेशक
मग कूस बदलून बघा, पुढचा सेन्सर उजव्या दंडावर. ९.८ म्हणजे अ‍ॅनिमिया आहेच. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायचं का आणि अ‍ॅनिमियाचं कारण काय, हे डॉक्टरांना विचारा. दोन आठवड्यांचा अहवाल छापून, खऱ्या आणि दाबाच्या घसरणींवर वेगवेगळ्या खुणा करून न्या. नुसता ७.६ बघून गोळी वाढवली गेली तर साखर खरंच उतरायला लागेल. आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर पुढचं एचबीए१सी खाली येऊ शकतं, तेव्हाही गोळीचा निर्णय सेन्सरचे आणि बोटाचे आकडे समोर ठेवूनच घ्यायला सांगा.