स्टेटसला पेमेंट सक्सेस, पासबुकात मात्र दमडी नाही. पीएम किसानचे पैसे जातात कुठं?

माळरानवाला
राम राम मंडळी. वडिलांच्या नावावर पीएम किसान आहे, २०१९ पासून गावातल्याच बँकेत हप्ते बरोबर पडायचे. आता मागचे काही आलेच नाहीत अन् राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पण नाहीत. तालुक्याला कृषी ऑफिसात गेलो तर म्हणले तलाठ्याकडं जा, तलाठी म्हणतो सातबारा ओके, लँड सीडिंग म्हणजे योजनेला जमीन जोडणं झालेलं आहे, बँकेत बघा, आणि बँकेतला माणूस पासबुक प्रिंट करून देतो अन् म्हणतो आमच्याकडं आलेच नाहीत तर देऊ कुठून. केवायसी परत केली, सेंटरवाल्यानं वर पैसे घेतले ते वेगळेच. पेरणी तोंडावर आलीय, म्हातारा रोज विचारतोय. कुणाला असं झालंय का?

वऱ्हाडी_गडी
वडिलांना पेन्शन आहे का? महिना दहा हजार किंवा वर पेन्शन असंल तर नाव कटते, शिपाई वगैरे ग्रुप डी वाले सोडून. वडील नाही तर आई इन्कम टॅक्स भरत असंल तरी तेच.

बांधावरची_ताई
दादा, नाव कटलं असतं तर सक्सेस दाखवलंच नसतं. पैसे गेलेत, फक्त दुसऱ्या खात्यात. हप्ता खाते नंबरवर नाही, आधारवर पडतो, आणि एनपीसीआयच्या मॅपरला, म्हणजे कुठलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्या यादीत, आधारपुढं एका वेळी एकच बँक असते, शेवटी जी जोडली ती. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे त्या यादीत तिचं नाव लागलंच असं नाही. आमच्या सासऱ्यांनी नवीन सिम घेतलं तेव्हा दुकानदारानं अंगठा घेऊन मोबाईलवरच खातं उघडून दिलेलं, घरात कुणाला पत्ता नाही, सगळे हप्ते त्यात जाऊन बसलेले. तुम्ही यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारवाल्यांच्या साइटवर जा, आधार नंबर टाका, ओटीपी येईल, मग बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा. बँकेचं नाव तिथंच दिसतं, फुकट आहे.

वऱ्हाडी_गडी
ताई बरोबर सांगून राहिली. पण ओटीपी यायला आधारला चालू मोबाईल नंबर पाहिजे, म्हाताऱ्यायचा तोच जुना बंद पडलेला असते. आधी तो बदलून घ्या.

खतंबियाणं
एवढ्या खटपटीचं काय मिळतं हो, चार महिन्याला दोन हजार. डीएपीची बॅग १३५० ला, म्हणजे दीड बॅग पण नाही. ५ ऑक्टोबर २०२४ ला आमच्या वाशिममध्ये पोहरादेवीला पंतप्रधानांनी १८ वा हप्ता सोडला, एवढा मोठा मांडव, अन् आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा केवायसीत अडकलेला.

बांधावरची_ताई
राज्याचे नमोचे धरले तर वर्षाला बारा हजार होतात भाऊ, ते का सोडायचे. आणि नमोची यादी पीएम किसानवरूनच बनते, इकडं अडकलं की तिकडंही.

माळरानवाला
ताई बघितलं. भलत्याच बँकेचं नाव आलंय, आमचं तिथं खातंच नाही असं वडील म्हणतायत. म्हणजे सिमवालंच असणार. ते पैसे निघतील का?

बांधावरची_ताई
निघतील, खातं त्यांच्याच नावावर आहे. वडिलांना सोबत न्या, अंगठा लागेल, ज्या दुकानात आधारवर पैसे काढून देतात तिथं तीच बँक निवडून आधी बॅलन्स बघा. मग गावातल्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा, नुसतं लिंक करा म्हणू नका, ते केवायसी करून मोकळे होतात. पोच घ्या शिक्का मारून. काही दिवसांनी परत स्टेटस बघा, बँकेचं नाव बदललेलं दिसलं पाहिजे.

वऱ्हाडी_गडी
आन् फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख नंबर, काढला का? १५ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडं कृषीच्या योजनांना लागते. सातबाऱ्यावर अन् आधारवर नाव येगळं असंल तर तिथं अडकते. व्हॉट्सअॅपवर पीएम किसानच्या नावानं एपीके फाईल (अॅप टाकायची फाईल) आली तर उघडू नका, आमच्या इकडं एकाचं खातं साफ झालं.

माळरानवाला
फार्मर आयडीत वडिलांच्या नावापुढं पाटील लागलंय, आधारवर नाही. सोमवारी तलाठ्याकडं जातो परत.