काइटसर्फिंग: डिरेक्शनल बोर्डवर आधी वळायचं की आधी पाय बदलायचे?

वर्सोव्याची_पोर: काइटच्या (मोठ्या पतंगाच्या) ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकायला शिकतेय. ट्विन-टिपवर (दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड) दोन्ही बाजूंना जाते, वाऱ्यावर चढताही येतं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला सरकता येतं. आता पाय अडकवायच्या पट्ट्या नसलेला डिरेक्शनल बोर्ड घेतलाय; याचं एकच टोक पुढे राहतं, म्हणून दिशा बदलली की पायही बदलावे लागतात. एका बाजूला झकास चालतो, पण परतताना पाय बदलायला गेले की पायाखालून निसटतो. सराव अलिबागजवळच्या नागावला, दुपारी वायव्येचा वारा धरला की. लीश (बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी) लावू का?

खारा_वारा: लीश अजिबात नको! ताणली की बोर्ड सुसाट परत येतो, थेट डोक्यावर. बॉडी-ड्रॅगने, म्हणजे बोर्डाशिवाय काइटच्या ओढीने पाण्यातून अंग ओढत, वाऱ्यावर सरकत बोर्ड गाठता आला पाहिजे, ते आधी पक्कं कर. हेल्मेट घालच.

पायांचं म्हणशील तर आधी वळ. पाय तसेच ठेवून बोटांकडच्या कडेवर थोडं जा. ही टोसाइडची (बोटांकडच्या कडेवर जायची) सवय ट्विन-टिपवरच लाव, तिथे पट्ट्या असतात. मग काइट जरा वर घे, अंगाचा भार तिच्यावर जातो. बोर्ड सपाट कर, मागचा पाय पुढच्याला लागून टेकव आणि लगेच पुढचा मागे ने. उडी मारून बदलू नकोस. नजर पायांकडे गेली की तोल गेलाच, म्हणून किनाऱ्यावरचं एखादं सुरूचं झाड नजरेत धर.

कोळीवाडा_७: दादांशी सहमत. फक्त लाटेच्या फेसात बदलू नका, दोन लाटांमधलं सपाट पाणी बघा.

वर्सोव्याची_पोर: म्हणजे मी बदलत होते ते वळायच्या आधी! जूनमध्येही सराव चालू ठेवू का?

खारा_वारा: नको गं. पावसाळ्यात वारा झोतांनी येतो, समुद्र खवळलेला. मेपर्यंत काय ते करून घे.