मदत हवी आहे: केमोनंतर भावाची झोप गेली, ॲपवरून सीबीटी-आय कोणी केलंय का?

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. हॉजकिन्स लिम्फोमा या कॅन्सरची केमो संपून वर्ष होत आलं, पेट स्कॅन स्वच्छ आहे. झोप मात्र परत आली नाही. दहालाच आडवा होतो, डोळा लागायला दोन वाजतात आणि सकाळी नऊपर्यंत अंथरुणातच असतो. केमोत दिवसभर पडून राहायची सवय लागली, ती सुटलेली नाही. फॉलो-अपची तारीख जवळ आली की आणखी बिघडतं. पुढच्या महिन्यात त्याला नोकरीवर रुजू व्हायचंय.

थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक आहे. झोपेची गोळी त्याला नको आहे. डॉक्टरांनी सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशावरचा वर्तनोपचार, सुचवला. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर आधी हाच उपचार करा असं सांगितलंय. पण आमच्या सांगलीत तो करणारं कोणी मिळालं नाही, म्हणून ॲप शोधतेय. सॉमरिस्ट या ॲपला २०२० मध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची, मान्यता मिळाली होती, पण त्याला तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागायची. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं 'इन्सोम्निया कोच' मोफत आहे, पाच आठवड्यांचा कार्यक्रम आणि झोपेची डायरी आहे. तेच घ्यावं असं वाटतंय.

अडतंय ते या उपचारात अंथरुणातला वेळ कमी करावा लागतो त्यापाशी. जेवढी झोप खरी लागते साधारण तेवढाच वेळ अंथरुणात राहायचं, म्हणजे झोपेची ओढ वाढते, हे मला पटतं. पण याला केमोनंतरचा थकवा अजून आहे, आणि सुरुवातीचे काही दिवस दिवसा पेंग येते म्हणतात. हा मोटरसायकल चालवतो, मला त्याचीच धास्ती वाटते. कोणी एकदम न कापता दर आठवड्याला थोडा थोडा वेळ कमी केलाय का? गुण आला का?

दुसरं स्मार्टवॉचचं. उठल्या उठल्या 'गाढ झोप' किती ते बघतो आणि आकडा कमी दिसला की दिवसभर हिरमुसलेला. घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी मोजत नाही, हे सांगून झालं. माझ्या मते ते रात्री काढून ठेवावं. तुम्ही काय केलंत?

काढे, चूर्णं कृपया सुचवू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला काही द्यायचं नाही असं आमचं ठरलंय. विशी-तिशीत कॅन्सरचे उपचार झालेल्या कोणी हे घरी केलं असेल तर जरूर लिहा. आणि दुपारी "जरा पड रे" म्हणणाऱ्या आईला कसं समजावलंत, तेही सांगा.