घरी रंगीत फोटो छापावेत की कलर लॅबमध्येच द्यावेत?

रंगारी: घरच्या प्रिंटरवर फोटो कधीच नीट येत नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. सगळ्यात जास्त नडते ती दुहेरी रंगदुरुस्ती. फोटोशॉपमधून कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची फाइल) लावलात, तर ड्रायव्हरमधली (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) रंगदुरुस्ती बंद करायलाच हवी. दोन्ही चालू राहिल्या की चेहरे लालबुंद नाहीतर जांभळट येतात. आणि प्रिंट काळपट येत असेल तर आधी स्क्रीनकडे बघा. चमक शंभर टक्के ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर काळवंडणारच. दिव्याखाली कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा तेवढाच उजळ दिसेपर्यंत चमक खाली आणा.

लॅबप्रेमी: सेटिंग बरोबर असलं तरी चार रंगांच्या इंक टँक प्रिंटरचं (टाकीत शाई भरायची त्या मशीनचं) काय? बऱ्याच मशीनमधली काळी शाई साध्या कागदासाठीची पिगमेंट (बारीक रंगकणांची) असते. ग्लॉसी म्हणजे चकचकीत फोटो कागदावर ती वापरलीच जात नाही, उरलेल्या तीन रंगांतून काळा तयार होतो. मग केसांत हिरवट-तपकिरी झाक येते आणि आकाशात ठिपके दिसतात. लॅबमध्ये कागदावर प्रकाश टाकून तो रसायनात धुतात, तिथे ठिपक्यांचा प्रश्नच नाही.

रंगारी: म्हणून तर फोटोसाठी सहा रंगांचं मशीन घ्यायचं, एप्सन एल८०५० सारखं. त्यात फिका निळा आणि फिका गुलाबी वेगळे असल्याने त्वचा आणि आकाश गुळगुळीत येतं. लॅबचं यंत्र मात्र सूर्यास्ताचा केशरी 'दुरुस्त' करून टाकतं. शिवाय मोबाइलचा ४:३ फोटो ६×४ वर पूर्ण भरला की अर्धा इंच कापला जातो, आणि कुठून कापायचं ते यंत्र ठरवतं!

लॅबप्रेमी: 'करेक्शन नको' एवढं सांगा, स्वतःच १८००×१२०० पिक्सेलला क्रॉप करून एसआरजीबी (नेहमीच्या प्रमाणित रंगपद्धतीतली) जेपेग द्या, संपला विषय.

दमटहवा: कागदाबद्दल कुणीच बोलत नाही, खरी गोम तिथे आहे. १८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) स्वस्त ग्लॉसी आणि २६० च्या पुढचा आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला) कागद यांत एकाच मशीनवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. किती शाई सोडायची हे ड्रायव्हर पेपर टाइपवरून ठरवतो. तिथे 'प्लेन' राहिलं की प्रिंट फिका. उलट्या बाजूला छापलं तर शाई मुरतच नाही, थेंब थेंब होऊन पसरते. कोकणात पावसाळ्यात तर उरलेला कागद त्याच पाकिटात घट्ट बंद करून आडवा ठेवा, नाहीतर कडा वळतात आणि हेड (शाई सोडणारा भाग) घासून काळे डाग पडतात.

टिकण्याबाबत मी लॅबच्या बाजूने आहे. सच्छिद्र ग्लॉसीवरची डाय शाई (द्रवात विरघळलेल्या रंगाची) उघड्या हवेत ओझोन वायूने उडते. घरचा प्रिंट भिंतीवर लावायचा तर काचेमागेच, तोही एक दिवस पूर्ण वाळवून. ओला अडकवलात तर काचेला आतून धुरकट थर येतो. अल्बमचे शे-दीडशे फोटो लॅबला द्या, निवडक ए४ घरी काढा.

लॅबप्रेमी: त्या निवडक चार प्रिंटांसाठी मशीन महिनोन्‌महिने पडून राहणार आणि हेड सुकणार.

रंगारी: आठवड्यातून एक छोटा रंगीत फोटो छापा, हेड सुकत नाही. मोठ्या प्रिंटआधी साध्या कागदावर नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारा रेघांचा नमुना) काढायचाच. रेघ तुटलेली असेल तर एकदा हेड क्लीनिंग, मग पुन्हा चेक. दोन-तीनदा करूनही सुटली नाही तर क्लीनिंगचा सपाटा लावू नका. ती सगळी शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया जाणारी शाई शोषणाऱ्या गादीत) जाते. मशीन रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी पुन्हा चेक काढा.