मदत हवी आहे: जकार्ता विमानतळावरून बांडुंगला, आईबाबांसोबत

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन बहिणीकडे बांडुंगला जायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने आणि लांब चालणं टाळायचंय.

सोएकार्नो-हात्ता विमानतळावरून रेल्वेने बीएनआय सिटी स्टेशन, तिथून चालत दुकुह अतास स्टेशन, मग एलआरटीने (शहरातली हलकी रेल्वे) हालिम स्टेशन आणि पुढे 'वूश' बुलेट ट्रेन, असा मार्ग मी काढलाय. एलआरटी बेकासीकडे जाणारीच पकडायची, चिबुबुरची गाडी हालिमला जात नाही, हे समजलंय. वूशने पादालारांगला उतरून फीडर गाडीने (जोड रेल्वेने) बांडुंग स्टेशन गाठता येतं, तेही ठीक.

खरी काळजी दुकुह अतासची आहे. मेट्रो, एलआरटी, लोकल, विमानतळ रेल्वे सगळं तिथे जवळजवळ आहे, पण दोन मोठ्या बॅगा आणि बाबा सोबत असताना मधलं अंतर जमेल का? लिफ्ट सगळीकडे आहेत का? व्हीलचेअर मागितली तर मिळते का?

की विमानतळावरूनच चिपुलारांग टोलरस्त्याने थेट गाडी करू? शुक्रवारी दुपारी उतरतोय, म्हणून ट्रॅफिकची धास्ती वाटते. मला तरी रेल्वेच बरी वाटते. नुकतंच कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.