मदत हवी आहे: नानांची शुगर, फ्रिजवरचा तक्ता आणि हेल्थ कोच

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी विचारतोय. नाना अमळनेरला असतात, वय ६६, शुगर बऱ्याच वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. परवाच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.१ आली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लगेच वाढवत नाही, तीन महिने खाणंपिणं आणि चालणं सांभाळा, मग बघू.

घोडं तिथंच पेंड खातं. आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता फ्रिजवर चिकटवलाय: ओट्स, ग्रीन टी, सॅलड. आईने सुरुवातीला मनापासून सांभाळलं. मग भाऊबंदकीत एक लग्न निघालं, वरण-बट्टीवर तुपाची धार पडली, आणि तेव्हापासून तक्ता फक्त फ्रिजवर. मी पुण्याहून फोन करून ओरडतो. नानांचं उत्तर ठरलेलं: "पोऱ्या, आते काय खावानं बी नही का?"

मेव्हणा म्हणतो ऑनलाइन हेल्थ कोच लाव. फी चांगलीच आहे. आहारतज्ज्ञ करत नाही असं हा कोच नेमकं काय करतो? नाना अहिराणीशिवाय मोकळे होत नाहीत, व्हिडिओ कॉलवर दोनदा "हो हो" करून फोन आईच्या हातात देतील. कोणाला अनुभव आहे का?

पाचोरेकर: भाऊ, जपून. आम्हाला भेटलेल्या कोचने दुसऱ्याच कॉलला पावडरचा डबा पुढे केला. कोच कमी, एजंट जास्त.

पांझराकाठ: मी धुळ्यात डायबेटिस क्लिनिकमध्ये समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काय खायचं ते तक्त्यात असतं. कोचचं काम त्याच्या पुढचं: यातलं तुम्हाला कुठलं जमेल, कधीपासून, आणि आडवं काय येईल, हे पेशंटच्याच तोंडून काढायचं. मग दर आठवड्याला फोन करायचा आणि राहिलं असेल तर न रागावता पुन्हा मांडणी करायची. लग्नात बट्टी खाल्ली म्हणून काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी "आता पुढे कसं करू या?" असं विचारणारं कोणी नव्हतं, तिथे गाडी अडली.

एक युक्ती सांगते. नानांना विचारा, "रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं जमेल याची दहापैकी किती खात्री?" समजा ते चार म्हणाले. आपण लगेच म्हणतो, "चारच का?" की झालं, ते कारणं द्यायला लागतात. त्याऐवजी विचारा, "दोन का नाही म्हणालात?" मग जमण्याची बाजू ते स्वतःच मांडतात. आणि विचारल्यावर गप्प बसा. घरच्या माणसांना नेमकं हेच जमत नाही.

याला आधारही आहे. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचा निकाल २००२ मध्ये आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३२३४ माणसं होती. वजन ७ टक्के उतरवायचं, आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, आणि मागे लागायला प्रत्येकाचा ठरलेला माणूस. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. नानांना शुगर आधीच आहे, त्यामुळे हे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू नाहीत. पण पाठपुराव्याचं महत्त्व त्यावरून कळतं.

ओट्स सोडून द्या हो. खानदेशात कळण्याची भाकरी असताना ओट्स कशाला? ज्वारी आणि उडीद, आयतीच डाळ पोटात जाते. तीनऐवजी दोन भाकरी, सोबत भरीत, मेथी किंवा मुगाची डाळ. शेवभाजी महिन्यातून कधी खायची ते नानांनाच ठरवू द्या. उन्हाळ्यात दिवसा चालायला पाठवू नका, पहाटे किंवा जेवणानंतर गल्लीतच.

आणि हे महत्त्वाचं: ग्लिमेपिराइड चालू असताना जेवण टाळलं किंवा एकदम निम्मं केलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं दिसलं तर ताबडतोब साखर द्या. आहारात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच.

कोच लावायचाच तर पहिल्या कॉलला बघा, जास्त कोण बोलतंय. तोच बोलत असेल तर पैसे वाचवा. "गोळ्या बंद करून देतो" म्हणाला तर फोन ठेवा. 'कोच' हे नाव लावायला डॉक्टरसारखी नोंदणी लागत नाही. अहिराणी बोलणारा, गावातला, रोज सोबत चालणारा कोणी भेटला तर माझ्या मते तो ऑनलाइन पॅकेजपेक्षा बरा.

धागाकर्ता: ताई, मनापासून आभार. काल फोनवर "शुगर आटोक्यात आली तर काय करावंसं वाटतं?" एवढंच विचारलं आणि गप्प बसलो. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, चैत्रात वणीच्या गडावर पायी जायचंय, पूर्वीसारखं. गावातून दिंडी निघते, पायांची आग होते म्हणून त्यांनी जाणं सोडलंय. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं! दिंडीतले त्यांचे जुने सोबती पहाटे स्टेशनकडे फिरायला जातात, त्यांच्यासोबत जायला तयार झालेत. खात्री दहापैकी सहा म्हणाले. कोचचं तूर्त थांबवलंय.

एक अडचण आहे. नानांना अनवाणी जायचंय, नवस आहे म्हणतात.

पांझराकाठ: अनवाणी अजिबात नको. पायांची आग म्हणजे नसांवर परिणाम झालेला असू शकतो. आधी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या, बारीक नायलॉनचा धागा टेकवून संवेदना बघतात. संवेदना कमी असेल तर तापल्या डांबरावर फोड आलेला कळत नाही आणि जखम चिघळते. मऊ, बंद बूट, सुती मोजे, रोज रात्री तळवे आरशात बघायचे. नवसाचं आईंना बोलू द्या, तुम्ही बोललात तर पुन्हा भांडण.

पाचोरेकर: आमच्या काकांनी गडाच्या पायथ्यापर्यंत बूट घातले, पुढे पायऱ्यांवर सुती मोजे. देवी काही बोलली नाही.